चॉपिंग बोर्ड करणाऱ्यांसाठी सूचना : रेझिन ओतण्याआधी वाचा

मंडळी, कोरीव अक्षरांत रेझिन (हार्डनर मिसळलं की घट्ट होणारं द्रव) भरून चॉपिंग बोर्ड करताय त्या सगळ्यांसाठी.

कोरून झालं की लगेच रंगीत रेझिन ओतू नका. आधी बिनरंगाच्या रेझिनचा पातळ हात ब्रशने खाचांच्या आतून फिरवा, तो चिकटसर होऊ द्या, मगच रंग. नाहीतर रंग लाकडाच्या तंतूंत झिरपतो आणि कागदावर शाई फुटते तशी कड फुटते. माझ्या पहिल्या बोर्डावर ‘श्री’च्या वेलांटीला अशाच मिशा आल्या होत्या, कितीही घासलं तरी गेल्या नाहीत.

रेझिन आणि हार्डनर डब्यावरच्या प्रमाणातच घ्या. ते प्रमाण वजनाचं आहे की मापाचं, तेही बघा. लवकर वाळावं म्हणून हार्डनर वाढवलं तर घट्ट व्हायचं सोडून चिकटच राहतं. खोल खाच थराथराने भरा. एकदम जाड ओतलेलं रेझिन तापून तडकतं. ओलसर लाकूड तर आणूच नका, बुडबुडे येतात.

हातमोजे आणि रेझिनच्या वाफा अडवणारा फिल्टर असलेला मास्क हवाच, रुमाल बांधून भागत नाही.

220 नंबरचा पॉलिश पेपर झाला की ओलं फडकं फिरवा, लाकडाची उठलेली लव वाळल्यावर पुन्हा घासा. मग फूड ग्रेड, म्हणजे अन्नाला लागलं तरी चालणारं, मिनरल ऑइल चोळा. स्वयंपाकाचं तेल नको, खवट होतं.

हाताला कडक लागलं तरी रेझिन पूर्ण पक्कं व्हायची डब्यावर दिलेली मुदत संपेपर्यंत बोर्ड वापरू नका. आणि कापायचं ते मागच्या, साध्या बाजूवर. रेझिनवर सुरी नको.

बोर्ड करायला येताना त्याच लाकडाचा एक तुकडा चाचणीसाठी आणा.