आबा, तुमच्या संकासुरानं गाव सभेला आणलं

ती. आबांना साष्टांग नमस्कार.

गाव ग्रामसभेला आणल्याबद्दल तुमचा सत्कार करायचं ठरलं, तर त्याला तुम्ही साफ नाही म्हणालात. शाल नको, श्रीफळ नको, स्टेजवर बोलावू नका. मधल्या वाडीनं ते ऐकलं. पण आभार मानायचे नाहीत असं काही तुम्ही म्हणाला नव्हता, म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांनी वाचावं असं. तिकडे नालासोपाऱ्यात नातवाला मोठ्यानं वाचायला सांगा. शास्त्री खाडीच्या दोन्ही काठांना आमच्यासारखी गावं पुष्कळ आहेत, त्यांतल्या कुणाच्या हाती पडलं तर मला आनंदच आहे.

त्यांच्यासाठी आधी थोडं मागचं सांगते. आमच्याकडे ग्रामसभा भरायची ती भरल्यासारखी. कायद्याप्रमाणे सभेला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जो आकडा कमी असेल तेवढी माणसं हवीत. ती जमत नसत. मग सभा तहकूब. आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही, त्यामुळे पुढच्या खेपेला हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या माणसांत वर्षभराचा आराखडा मंजूर होऊन जायचा. मग वर्षभर पारावर कुरकुर चालायची. आमची पाखाडीची पायवाट राहिली, विहिरीचा गाळ कोण काढणार, वरच्या वाडीला कुणी वालीच नाही.

लोक आळशी होते असं मी कधीच म्हणणार नाही. दोन ऑक्टोबरची सभा येते तेव्हा हळवं भात कापणीला आलेलं असतं, खाडीवर जाणारे भरती-ओहोटी बघून जातात, आणि अर्धं गाव गणपती आटोपून मुंबईला परतलेलं असतं. पण त्याहून मोठी अडचण वेगळी होती. चार माणसांत उभं राहून आपल्या नावानं बोलायची सवयच नव्हती, बायकांना तर नाहीच. नेहमीच्या सभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते, हेही आमच्या बचत गटातल्या निम्म्या बायकांना ठाऊक नव्हतं. आम्ही पत्रकं वाटली, व्हॉट्सॲपवर निरोप फिरवले. निरोपाला अंगठे आले, सभेला माणसं आली नाहीत.

तेव्हा मी तुमच्याकडे आले. तुम्ही पडवीत मृदंगाची वादी ओढत बसला होतात. मी सगळं सांगून टाकलं, तुम्ही मान वर केली नाहीत. मग एवढंच विचारलंत, "शिमग्याला खेळे दारात आले की कोण घरात बसून राहतं गो?"

मी म्हटलं, कुणी नाही.

"मग सोंग घेतो मी."

इतकं सोपं ते नव्हतं, हे मला पुढे कळलं. नमन म्हणजे आमच्या कोकणातला लोकनाट्याचा खेळ, आणि त्यातलं संकासुराचं सोंग शिमग्याचं. त्याचा काळा पोशाख, ती निमुळती उंच टोपी, मुखवट्याची पांढरी दाढी आणि कमरेचे घुंगरू होळीनंतर पेटीत जातात ते पुढच्या फाल्गुनापर्यंत बाहेर येत नाहीत. भाद्रपद-आश्विनात पेटी उघडायची म्हणजे मानकऱ्यांना विचारायला हवं, गुरवाकरवी देवाला कौल लावायला हवा. तुम्ही दोन्ही केलंत, घाई न करता. कुणीतरी म्हणालं की देवाचं सोंग राजकारणात ओढताय. त्यावर तुम्ही वाद घातला नाहीत, नुसतं म्हणालात, "गावाचं पाणी हे राजकारण असेल तर देवाला पण ते कळू दे." फूल उजवीकडे पडलं, म्हणजे देवाचा होकार आला, तेव्हा सगळ्यात मोठ्यानं "बरं झालं" म्हणणारा तोच माणूस होता.

आणि त्याच संध्याकाळी तुम्ही सरपंचांच्या घरी गेलात. हे मला फार मोलाचं वाटतं. शिमग्याला सोंगाला सगळं माफ असतं, कुणाचंही नाव घेऊन बोललं तरी चालतं. पण या फेरीत एकाही माणसाचं नाव येणार नाही, गाण्याचं पद माणसावर नाही, पैशावर बांधीन, असा शब्द तुम्ही त्यांना आधीच देऊन आलात. आमच्यातल्या तरुण पोरांना हे तेव्हा पटलं नव्हतं. त्यांना चांगलं झणझणीत हवं होतं. तुमचा तो शब्द नसता तर फेरी एका दिवसात या गटाची की त्या गटाची झाली असती, आणि पंचायतीनं आराखड्याचे कागद आमच्यासमोर मोकळेपणानं ठेवले नसते.

कागद मिळाले तेव्हा तुम्ही माझ्याकडून ते वाचून घेतलेत. त्या वेळी पंधराव्या वित्त आयोगाचा निधी चालू होता. त्यातला ६० टक्के बंधित, म्हणजे निम्मा पिण्याच्या पाण्याच्या कामाला आणि निम्मा स्वच्छतेला, दुसरीकडे वळवायचा नाही. उरलेला ४० टक्के अबंधित, पगार आणि कार्यालयाचा खर्च सोडून गावानं ठरवायचा. शिवाय पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात. मी आकडे वाचत होते आणि तुम्ही बोटांनी मांडीवर ठेका धरला होतात. दुसऱ्या दिवशी पद तयार:

रुपयातले साठ पैसे पाण्या-स्वच्छतेला बांधले,
चाळीस उरले मोकळे, सांगा कशाला मांडले?

हेच आकडे सभेत वर्षानुवर्षं वाचले गेले असतील, कुणाच्या कानात शिरले नव्हते. आठवड्याभरात शाळेच्या वाटेवर पोरं ते पद म्हणत निघाली. मग आईला विचारू लागली, चाळीस पैसे कशाला मांडले?

आबा, फेरीतला एक प्रसंग मला लिहून ठेवायचाय. वरच्या वाडीत, अगदी सड्याला, म्हणजे वरच्या उघड्या कातळाला, लागून असलेल्या शेवटच्या घरी तुम्ही गेलात. पोरं तुमच्या घुंगरांच्या आवाजानं आधी पळाली, मग मागून चिकटली. तुम्ही अंगणात दोरीचा आसूड आपटलात आणि सोंगाच्या आवाजात विचारलंत, "गावाचा आराखडा कुणी बघितलाय? हात वर!" कुणाचाच नाही. तेवढ्यात ओटीच्या कोपऱ्यात भाजी निवडत बसलेली म्हातारी, जिला मी लग्न होऊन आल्यापासून चारचौघांत बोलताना ऐकलं नव्हतं, ती खाली मान घालूनच म्हणाली, "आमच्या बावीला शिमगा झाला की पानी नसतं. त्या कुनाला सांगायचा?"

सगळे गप्प. तुम्ही घुंगरू हातानं धरलेत, वाजू नयेत म्हणून, आणि तिच्यासमोर खाली बसलात. "आजी, परत सांग. ही पोरगी लिहून घेतेय." तिनं परत सांगितलं, या वेळी तुमच्याकडे बघून. मुखवट्याकडे बघून म्हणूया. कॉलेजातल्या मुलीनं ते वहीत लिहिलं, तिच्याच शब्दांत, आणि वाचून दाखवलं. आपलं बोलणं वहीत गेलेलं ऐकताना त्या बाईचा चेहरा मी पाहिलाय.

दुसरी गोष्ट नकाशाची. गावाचा नकाशा रांगोळीनं जमिनीवर काढायचा, असं आम्ही बायकांनी ठरवलं होतं आणि जागा म्हणून देवळासमोरची सहाण, म्हणजे पालखी बसते ती जागा, बघितली होती. मोठी, सारवलेली, सगळ्यांच्या येण्याजाण्याची. तुम्ही म्हणालात, "सगळ्यांच्या नाही. शाळेच्या पटांगणात काढा." इतकंच. स्पष्टीकरण दिलं नाहीत, द्यायची गरजही नव्हती. शाळेच्या पटांगणात बौद्धवाडी आली, कोळीवाडा आला, मोहल्ल्यातल्या बायका आल्या. गावाचा नकाशा पहिल्यांदाच पूर्ण झाला, कारण आपापली वाट आणि आपापली विहीर दाखवायला तिथली माणसं हजर होती.

चुन्यानं वाडीवाडीच्या हद्दी, निळ्या रांगोळीनं व्हाळ आणि पऱ्हे म्हणजे ओढेनाले, लाल रंगानं पाखाड्या. मग प्रत्येक विहिरीच्या जागी करवंटी ठेवायची: मे महिन्यात पाणी राहत असेल तर उताणी, आटत असेल तर पालथी. तासाभरात दिसलं की सड्याच्या बाजूच्या जवळजवळ सगळ्या करवंट्या पालथ्या. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणारा आपला मुलूख, पण जांभ्या दगडातून पाणी झिरपून जातं, उतारावरून व्हाळाला लागतं आणि खाडीला मिळतं. हे आपल्याला तोंडपाठ आहे. पण पालथ्या करवंट्यांची ती रांग बघून खालच्या वाडीचा एक बागायतदार, ज्याची विहीर बारमाही आहे, तो बराच वेळ तिथेच उकिडवा बसून राहिला. नंतर व्हाळाच्या वरच्या अंगाला त्याच्या आजोबांच्या वेळी बांध घालत ती जागा त्यानंच दाखवली.

तिथेच बौद्धवाडीतल्या निवृत्त गुरुजींनी महाडची गोष्ट सांगितली. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करावेत असा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ साली झाला, महाड नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केल्याचा ठराव १९२४ साली केला. पण ठराव कागदावर राहिला. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकरांबरोबर हजारो माणसं रस्त्यानं चालत तळ्यावर गेली, पाणी प्यायली, आणि त्याबद्दल मारही खाल्ला, तेव्हा कुठे तो हक्क जगाला दिसला. आमची खटपट त्याच्या पासंगालाही पुरणारी नाही, हे मला ठाऊक आहे. पण हे याच कोकणात, आपल्या शेजारच्या जिल्ह्यात घडलं, आणि ते ऐकून आमच्या गावातली माणसं सभेला जायला निघाली. कायद्यात हक्क असला तरी तिथवर चालत जावं लागतं, हे गुरुजींनी दोन वाक्यांत सांगितलं होतं.

सभेच्या आदल्या रात्री पोरांनी तुम्हाला घेरलं. संकासुरानं सभेत येऊन प्रश्न विचारावेत, मजा येईल, व्हिडिओ काढू. तुम्ही मुखवटा पेटीत ठेवत म्हणालात, "सभेत सोंग येणार नाही. सोंगानं विचारलं की गाव हसतं आणि घरी जातं. इतिवृत्तात सोंगाचं नाव लिहीत नाहीत. तुमची नावं आहेत ना?"

मला वाटतं, तुमचं खरं उपकाराचं काम हे. लोकांना दारापर्यंत आणायला गाणं, रंग, सोंग सगळं हवं, त्याशिवाय आम्ही पत्रकंच वाटत बसलो असतो. पण आता बाजूला व्हायला हवं हे ओळखणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. गावोगावी पथनाट्यं होतात, भिंती रंगतात, फेऱ्या निघतात, फोटो निघतात आणि सभा तशीच रिकामी राहते, कारण खेळ करणारे आणि बोलणारे तेच राहतात.

सभेत काय झालं ते तुम्ही मागच्या बाकावर बसून पाहिलंत, म्हणून लांबण लावत नाही. महिला सभेचा ठराव आधीच तयार होता. वरच्या वाडीच्या त्या आजी उठल्या, पदर सावरला आणि स्वतःचं नाव सांगून बोलल्या. विहिरीचा गाळ आणि साठवण टाकी आराखड्यात गेली. एका पाखाडीवरून वाद झाला, आवाज चढले, तो प्रश्न अजून सुटलेला नाही. कार्तिकात व्हाळाचं पाणी संथ झाल्यावर सिमेंटच्या रिकाम्या गोणी मातीनं भरून वनराई बंधारा घातला. जागा त्या बागायतदारानं दाखवलेली, श्रमदान सगळ्या वाड्यांचं. यंदा वरच्या विहिरीत एप्रिल उजाडला तरी घागर बुडत होती. मे महिन्यात आटलीच, पण टँकरची वाट बघण्याचे दिवस कमी झाले. टाकीचं काम कुठवर आलंय ते आपली कॉलेजातली मुलगी ई-ग्रामस्वराज या पंचायतींच्या सरकारी पोर्टलवर मोबाईलमध्ये बघते आणि पारावरच्या फळ्यावर खडूनं लिहिते. फळ्याजवळ आता माणसं थांबतात.

तुमच्या गुडघ्यांची काळजी वाटते. मुंबईची हवा सोसत नसली तरी डॉक्टर म्हणतील तेवढं थांबा. एक मागणं मात्र आहे. खाडीपलीकडच्या गावातल्या बचत गटानं विचारलंय की त्यांना अशी फेरी काढायचीय, पदं मिळतील का. त्यांचे आकडे वेगळे, अडचणी वेगळ्या, त्यामुळे आपली पदं जशीच्या तशी चालणार नाहीत. चाल आणि बांधणी तुम्ही नातवाच्या फोनवर गाऊन पाठवा, शब्द त्या बायका बांधतील. आमच्याकडची सव्वीस जानेवारीच्या आधीची महिला सभा जवळ आलीय, या वेळी दवंडी द्यायला मृदंग दोन मुली वाजवणार आहेत. त्यांचा हात अजून कच्चा आहे. त्यांचाही व्हिडिओ पाठवते, ठेका कुठे चुकतो ते सांगा.

काकींना नमस्कार. मुलांना आशीर्वाद.

तुमची,
मधल्या वाडीची सून