पाटी बदलली, एवढेच

मा. संपादक,
स.न.वि.वि.

प्राध्यापकांच्या प्रशिक्षणावरची कालची आपली बातमी वाचली. केंद्र सरकारच्या मालवीय मिशन या प्रशिक्षण योजनेमुळे कॉलेजच्या शिक्षकांना शिकवायचे कसे हे पहिल्यांदाच शिकवले जाणार, असे आपण छापले आहे. वार्ताहर तरुण असावा, त्याला बोल लावत नाही. पण आपल्या कचेरीत १९८७ साल आठवणारा एकही माणूस उरला नाही?

१९८६चे शैक्षणिक धोरण आले आणि पाठोपाठ विद्यापीठ अनुदान आयोगाने अ‍ॅकॅडेमिक स्टाफ कॉलेजे काढली. पहिल्या खेपेला ४८ मंजूर झाली. शाळेच्या मास्तराला डी.एड., बी.एड. लागते, कॉलेजचा मास्तर मात्र एम.ए. झाला की थेट फळ्यापुढे उभा, ही अडचण तेव्हाच ओळखली गेली होती. नव्यांना चार आठवड्यांचे ओरिएंटेशन, म्हणजे शिकवण्याची ओळख, जुन्यांना आपापल्या विषयाचे तीन आठवड्यांचे रिफ्रेशर, म्हणजे उजळणी. आणि वरच्या श्रेणीत जायचे तर यांचे प्रमाणपत्र हवे. २०१५मध्ये याच केंद्रांना मनुष्यबळ विकास केंद्र म्हणू लागले आणि २०२३च्या शिक्षकदिनी मालवीय मिशन आले. बारसे तिसरे आहे, मूल तेच.

आता माझे ऐका. आमच्या वेळी सोलापूरला स्वतःचे विद्यापीठ नव्हते, ते २००४ साली झाले. आम्ही शिवाजी विद्यापीठाचे. रिफ्रेशरसाठी पुणे नाहीतर हैदराबाद गाठायचे. पुण्याहून निवडीचे पत्र आले, एसटीचे आरक्षण केले, आणि आमच्या संस्थेने मला कार्यमुक्तच केले नाही. ‘परीक्षेचे काम कोण बघणार?’ त्या वर्गातली माझी जागा गेली. पुढे बराच काळ माझ्या विषयाचा वर्ग सोयीच्या ठिकाणी लागेना. अखेर हैदराबादला जाऊन आलो, तोवर माझ्यामागून लागलेले सहकारी वरिष्ठ श्रेणीत पोचले होते. आस्थापना विभागातल्या कारकुनाला तारीख मागची धरा म्हणालो, तर तो शांतपणे म्हणाला, ‘सर, प्रमाणपत्र नाही तर फाइल नाही.’ मला सोडले नाही कोणी, हे त्या फाइलीत कुठे लिहायचे याचा रकाना नव्हता. तो फरक मी निवृत्तीपर्यंत सोसला. पेन्शनीतही दिसतो, दर महिन्याला.

आणि प्रमाणपत्र आणल्यावर? साक्षांकित झेरॉक्स दोन प्रती मागितल्या. तिथे काय शिकलात, वर्गात काय बदलले, हे प्राचार्यांनी विचारले नाही की संस्थेने. माझ्या पूर्ण नोकरीत शेवटच्या बाकावर येऊन बसून कोणी माझा एक तास ऐकला नाही. ही केंद्रे बढतीच्या दावणीला बांधली गेली ती अशी.

खोटे बोलणार नाही, ओरिएंटेशनमध्ये एक गोष्ट फार चांगली होती. तिथे सगळ्या विषयांचे लोक एकत्र. प्रत्येकाने दहा मिनिटे शिकवायचे आणि बाकीच्यांनी विद्यार्थी व्हायचे. एक नामांकित इतिहासाचे गृहस्थ उभे राहिले आणि स्वल्पविरामासकट नोट्स सांगू लागले. पदार्थविज्ञानाच्या बाईंनी हात वर करून विचारले, ‘सर, हे मला पुस्तकात मिळेल ना? मग मी आज का आले?’ ते लाल झाले. पण दुसऱ्या दिवशी कागद न घेता उभे राहिले, आणि काय सुरेख बोलले! इतिहासवाल्यांच्याच वर्गात हे झाले नसते, तिथे सगळे मान डोलावत बसतात. आता पुष्कळसे वर्ग ऑनलाइन. कॅमेरा बंद, शेजारी चहा, शेवटी प्रश्नावली. कोण कोणाला लाल करणार?

बातमीत न आलेली आणखी एक गोष्ट. आज कॉलेजांमध्ये तासिका तत्त्वावरची मुलेच कितीतरी तास घेतात. त्यांना बढतीच नाही, मग प्रमाणपत्राची घाई कोणाला, आणि त्यांना पाठवणार कोण? तासाला पैसे मिळणारा माणूस प्रशिक्षणाला गेला तर त्या तासांचे पैसे कोण देणार, हे एकदा आपल्या वार्ताहराने विचारावे. छायाचित्रात दीपप्रज्वलन करणारे दहा जण दिसतात, त्यांत वर्गावर जाणारा एक तरी आहे का, तेही.

पत्र लांबले असेल तर कापा, पण साले कापू नका. मागच्या पत्रात नेमकी तीच गेली होती.

ता.क. : आपल्या पान तीनवर पाणी येण्याचे जे वेळापत्रक येते, ते आमच्या भागापुरते तरी कधीच जुळत नाही. परवा त्यावर विसंबून अख्खी गल्ली पहाटे बादल्या मांडून बसली होती. पाणी आले दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. ते तरी कोणाला तरी फोन करून छापत जा.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक,
जुळे सोलापूर