शपथ घालू नकोस

नागपूर

प्रिय विन्या,

सप्रेम नमस्कार. ‘प्रदीपची दारू सोडवायला त्याला कुठे भरती करू तेवढं सांग, पैशांचं मी बघतो’ एवढंच विचारून तू मोकळा झालास. उत्तर मात्र लांबणार आहे.

तो सकाळी उठल्याबरोबर पितो म्हणतोस. मग त्याला खोलीत कोंडून एकदम दारू तोडायचा बेत सोड. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याची दारू अचानक थांबली की काही तासांतच हात थरथरायला लागतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन-तीन दिवसांनी काहींना भ्रम होतो, नसलेली माणसं दिसतात. त्यात माणूस दगावूही शकतो. हे दिवस डॉक्टरांच्या हाताखालीच काढायचे असतात. आणि त्याची बायको मीनल वरणात गुपचूप गोळी घालते ना, ते आजच्या आज बंद. ती डायसल्फिराम (दारू सोडवायला देतात ती गोळी) असेल तर वरून दारू गेली की छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. ती गोळी माणसाला सांगून, तपासून, त्याच्या संमतीनंच देतात.

काकांनी त्याला वर्ध्याला आत्याकडे ठेवायचं ठरवलंय, कारण तिथे दारूबंदी! हसू आलं रे. गडी दोन दिवसांत ठिकाण शोधून काढेल.

व्यसन सोडवायच्या कामात मी लोकांना समजावतो असं तुला वाटतं. दारू वाईट, हे पिणाऱ्याला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. मी विचारत बसतो. मागे एक गृहस्थ पोराला घेऊन आले. ‘याची दारू सोडवा साहेब,’ म्हणत समोरच पन्नीत खर्रा (तंबाखू-सुपारी) घोटत होते. पोरगा खाली मान घालून. मी बापालाच विचारलं, दिवसाचे किती? ‘छे, हे काय व्यसन आहे?’ पन्नी खिशात गेली. थोड्या वेळानं हात आपोआप पुन्हा खिशाकडे. पोरगा ते बघत होता. म्हणाला, ‘पहिले बाबाले खर्रा सोडाले सांगा, मंग माह्यं बोला.’ पहिल्यांदाच बोलला तो! त्या दिवशी दारूचा विषय मी काढलाच नाही. घरात कोण कोणाशी बोलतं, एवढंच विचारलं. (गुटखाबंदी २०१२ ची, आणि पानठेल्यावर खर्रा घोटणं सुरूच. असो.)

आता मुख्य सांगतो. काकूंच्या पायावर हात ठेवून त्याला शपथ घ्यायला लावू नकोस. शपथ मोडली की दारू राहतेच, वर आईला तोंड दाखवायची सोय जाते, आणि तो घरीच येईनासा होतो. पुन्हा प्यायला तर ओरडण्याआधी विचार, कधी? पगार झाला तेव्हा, भांडणानंतर, की त्या मेहुण्याबरोबर? पुढची तयारी या उत्तरांवरच करता येते.

मीनलला मला वेगळं भेटायचंय. ऑफिसात ‘ताप आलाय’ म्हणून फोन तीच करते, उधारीही तीच फेडते. त्याच्या पिण्याचे चटके त्याला लागूच देत नाही बिचारी. तिला दोष देत नाहीये, तिलाही कुणीतरी बसवून ऐकायला हवं.

सोमवारी सकाळी लवकर मेडिकलला (सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात) या, चिठ्ठीसाठी रांग असते. मानसोपचार विभागात मी सोबत येतो. प्रदीप अडून बसला तरी मीनलला पाठव. तोवर १४४४६ हा व्यसनमुक्तीचा सरकारी नंबर तिला दे, पैसे लागत नाहीत. फिट आली तर मात्र फोन लावत बसू नका, सरळ दवाखाना गाठा.

तुझा,
अव्या