वॉरंटीतला बिघाड कोणामुळे झाला, हे कंपनीने एकटीने ठरवू नये

प्रति,
माननीय केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्री

महोदय,

वॉरंटीच्या मुदतीत बिघडलेले इलेक्ट्रॉनिक यंत्र विनाशुल्क दुरुस्त करून मिळावे, एवढ्याच गोष्टीसाठी हे पत्र लिहिते आहे. 'आम्ही वॉरंटी मानत नाही' असे तोंडावर सांगणारी कंपनी क्वचितच भेटते. नकार येतो तो वेगळ्या वाटेने. यंत्र उघडून पाहणारा तंत्रज्ञ कंपनीने नेमलेला, दुरुस्तीचा खर्च कंपनीच्या अंगावर येणारा, आणि बिघाड कारखान्यातला की ग्राहकाच्या हातून झालेला याचा निवाडाही कंपनीच देणार. 'पाणी गेले आहे' किंवा 'फिजिकल डॅमेज आहे' हे दोन शब्द उच्चारले की वॉरंटी तिथेच संपते. ते शब्द खरे आहेत का, हे तपासायला कुठेही जागा ठेवलेली नाही. माझी मागणी या एका निवाड्याबद्दल आहे.

माझा लॅपटॉप वॉरंटीत असताना तापला की आपोआप बंद पडू लागला. सर्व्हिस सेंटरच्या टेबलावर मात्र तो सुरळीत चालला. जॉबशीटवर, म्हणजे दुरुस्तीच्या नोंदीच्या कागदावर, 'नो फॉल्ट फाउंड' (दोष आढळला नाही) असा शेरा मारून, सॉफ्टवेअर अपडेट करून त्यांनी तो परत दिला. घरी आणल्यावर पुन्हा तेच सुरू झाले.

असे का होते, हे इलेक्ट्रॉनिक्सची दुरुस्ती करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. मदरबोर्डवरच्या मोठ्या चिपखाली सोल्डरचे शेकडो बारीक गोळे असतात आणि त्यांच्यावरच चिप बोर्डाला जोडलेली असते. यंत्र तापते तेव्हा चिप आणि बोर्ड दोन्ही प्रसरण पावतात, पण सारख्या प्रमाणात नाही. हे वारंवार होत राहिले की एखाद्या कच्च्या जोडाला केसाएवढी चीर पडते. यंत्र थंड असताना चिरेच्या दोन्ही कडा एकमेकींना टेकलेल्या असतात, काम चालून जाते. गरम झाले की जोड सुटतो. सर्व्हिस सेंटरमध्ये यंत्र पोहोचते ते थंड होऊनच, आणि चार मिनिटे चालू करून पाहणाऱ्याला हा दोष दिसणे जवळजवळ अशक्य असते. तो दिसायचा तर यंत्रावर तासन्‌तास भार टाकून चाचणी घ्यावी लागते. अशी चाचणी घेतली की नाही, किती वेळ घेतली, हे त्या जॉबशीटवर कुठेही नव्हते.

दुसऱ्यांदा लॅपटॉप जमा केल्यावर फोन आला. आतला स्टिकर लाल झाला आहे, म्हणजे पाणी गेले आहे, मदरबोर्डचे पैसे भरावे लागतील. मी फोटो मागितला, तर 'फोटो देण्याची पद्धत नाही' असे उत्तर मिळाले. पहिल्या वेळी त्यांनीच यंत्र उघडले होते. तेव्हा त्या स्टिकरचा रंग कोणता होता, हे मी विचारले. त्याचीही नोंद नव्हती. तक्रार वरच्या पातळीवर नेल्यानंतर कंपनीने अखेर बोर्ड बदलून दिला, पण कारण काही लेखी दिले नाही. पाणी गेल्याचा निष्कर्ष चुकला होता, की मी फार मागे लागले म्हणून त्यांनी प्रकरण मिटवले, हे मला कळायला मार्ग नाही. जो ग्राहक पहिल्या फोनवरच पैसे भरून मोकळा होतो, त्याला तर एवढेही कळत नाही.

या स्टिकरबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण बहुतेक नकार त्याच्याच आधारावर दिले जातात. तो पांढऱ्या कागदाचा लहानसा तुकडा असतो. त्यात रंग भरलेला असतो आणि पाण्याचा थेट स्पर्श झाला की तो लाल किंवा गुलाबी होतो. त्यातून एवढेच समजते की त्या ठिकाणी केव्हातरी ओल पोहोचली होती. ती केव्हा पोहोचली, किती होती, आणि आत्ताच्या बिघाडाशी तिचा काही संबंध आहे का, यातले काहीच तो सांगत नाही. चार्जिंगच्या खाचेजवळचा स्टिकर लाल झाला म्हणून स्क्रीनच्या पट्टीतला दोष पाण्यामुळे झाला असे सिद्ध होत नाही. ते सिद्ध करायचे तर बोर्डावर गंज दिसतो का, शॉर्ट कुठे आहे, करंट कुठे गळतो, हे पाहावे लागते. हे काम चांगला तंत्रज्ञ करू शकतो. पण ते न करताही नकार देता येतो, म्हणून ते केले जात नाही.

सर्व्हिस सेंटरमधल्या माणसांना मी दोष देत नाही. बहुतेक सेंटर फ्रँचायझीवर चालतात. वॉरंटीतल्या दुरुस्तीचे पैसे त्यांना कंपनीकडून मिळतात, आणि अनेक कंपन्यांमध्ये त्यासाठी यंत्राचे फोटो पाठवून आधी मंजुरी घ्यावी लागते. म्हणजे फोटो काढले जातात, कंपनीकडे पोहोचतात, तिथे कोणीतरी ते बघून हो किंवा नाही म्हणते. ज्याचे यंत्र आहे त्यालाच ते दाखवले जात नाहीत. पुरावा गोळा करण्याची व्यवस्था नव्याने उभारायची नाही. आहे तोच पुरावा ग्राहकालाही मिळाला पाहिजे.

आपल्या खात्याकडून यावर येणारे नेहमीचे उत्तर मला माहीत आहे: १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, तिथे निवारण झाले नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारींवर निकाल देणाऱ्या न्यायमंचाकडे, जा. हेल्पलाइन उपयोगी आहे आणि कंपनीने नुसती टोलवाटोलवी चालवली असेल तर तिथून कामही होते. पण हेल्पलाइन तक्रार कंपनीकडे पाठवते आणि कंपनीचे म्हणणे मागवते. कंपनी कळवते, 'पाणी गेले आहे, वॉरंटी लागू नाही.' त्या म्हणण्याची तांत्रिक शहानिशा करणे हे हेल्पलाइनचे काम नाही.

राहिला आयोग. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा चांगला कायदा आहे. आपण राहतो किंवा नोकरी करतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते, ती ऑनलाइन दाखल करता येते, वकील सक्तीचा नाही, आणि फोन-लॅपटॉपसारख्या वस्तूंच्या तक्रारीला सहसा शुल्कही पडत नाही. पण वस्तूतला दोष तपासणीशिवाय ठरवता येत नसेल, तर कलम ३८ प्रमाणे ती प्रयोगशाळेत पाठवायची असते आणि त्या तपासणीचे पैसे भरायला आयोग तक्रारदाराला सांगू शकतो. तपासणी लागणाऱ्या प्रकरणाचा निकाल पाच महिन्यांत देण्याचा प्रयत्न करावा, असे कायदा म्हणतो. तो प्रयत्न कायद्यात लिहिल्याप्रमाणे यशस्वी झाला, तरी ज्याचा अभ्यास किंवा पोटापाण्याचा धंदा त्या एका फोनवर चालतो त्याने पाच महिने काय करायचे? शिवाय प्रयोगशाळेकडे जाणारे यंत्र सेंटरमध्ये आधीच उघडले गेलेले असते. उघडण्याआधी ते कसे होते हे सांगणारा कागद नसेल, तर प्रयोगशाळा तरी काय सांगणार?

कंपन्यांची बाजूही मी समजून घेते. पाण्यात पडलेला फोन वाळवून 'आपोआप बंद पडला' असे सांगणारे ग्राहक आहेत, आणि त्यांचा खर्च कंपनीने का सोसावा? म्हणूनच मी असे म्हणत नाही की ग्राहकाचा शब्द अखेरचा माना. यंत्र जमा होताना आणि उघडताना नीट नोंद झाली, तर खोटे बोलणारा ग्राहकही त्याच नोंदीत सापडेल.

आता सिद्ध कोणी करायचे, हा प्रश्न. इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बिघाडाचा एक सर्वज्ञात आलेख आहे. कारखान्यातून सदोष निघालेले नग सुरुवातीच्या काळात बंद पडतात, मग बराच काळ बिघाड कमी राहतात आणि यंत्र जुने झाले की पुन्हा वाढतात. कच्चे सोल्डर, सदोष कपॅसिटर, नीट न बसलेला कनेक्टर हे दोष पहिल्या काही महिन्यांतच डोके वर काढतात. युरोपीय संघाने कायदा करताना याच दिशेने विचार केला. तिथल्या २०१९ च्या निर्देशानुसार वस्तू हाती आल्यापासून एका वर्षात दोष दिसला, तर तो मुळातच होता असे धरले जाते, आणि नव्हता हे विक्रेत्याला सिद्ध करावे लागते. त्याआधीच्या १९९९ च्या निर्देशात ही मुदत सहा महिन्यांची होती, ती अनुभवाअंती वाढवली गेली. आपल्याकडे वर्षभराची वॉरंटी सर्रास मिळते, पण त्या वर्षातही शंकेचा फायदा कंपनीलाच जातो. पहिल्या वर्षात तो ग्राहकाला मिळायला हवा.

आपल्या सरकारने दुरुस्तीच्या हक्कावर काम सुरू केले आहे, याची मला जाणीव आहे. २०२२ च्या जुलैमध्ये समिती नेमली गेली, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल आले, नंतर दुरुस्तीयोग्यता निर्देशांकाच्या (वस्तू दुरुस्त करणे किती सोपे आहे हे सांगणाऱ्या गुणांकाच्या) आराखड्यासाठीही समिती बसली. ही कामे पुढे जावीत असे मला मनापासून वाटते. पण त्यांचा मुख्य लाभ होतो तो वॉरंटी संपल्यावर, जेव्हा ग्राहक कुठल्याही कारागिराकडे जाऊ शकतो. वॉरंटीच्या काळात तो एकाच दाराशी बांधलेला असतो, कारण बाहेरच्या कोणी स्क्रू काढला की 'वॉरंटी व्हॉइड' हे उत्तर तयारच असते. म्हणजे दुसऱ्या तंत्रज्ञाचे मत घ्यायलाही तो घाबरतो. अमेरिकेत १९७५ पासून असलेल्या मॅग्नसन-मॉस या वॉरंटीविषयीच्या कायद्याच्या आधारे तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी संस्थेने) २०१८ साली सहा कंपन्यांना याबाबत इशारा दिला होता. ठरावीक ठिकाणीच दुरुस्ती करा किंवा ठरावीकच सुटे भाग वापरा, नाहीतर वॉरंटी जाईल, अशा अटी सर्वसाधारणपणे घालता येत नाहीत, असे त्यांना कळवण्यात आले. आपल्याकडेही हे स्पष्ट शब्दांत सांगितले जाणे आवश्यक आहे. नुसते यंत्र उघडले म्हणून वॉरंटी जाऊ नये. उघडणाऱ्याच्या हातून नुकसान झाले असेल, तर तेवढ्यापुरती जावी.

आणखी एक गोष्ट. यंत्र सेंटरमध्ये पडून असते तेव्हाही वॉरंटीचे दिवस मोजले जात असतात. सुटा भाग आला नाही म्हणून यंत्र आठवडेच्या आठवडे पडून राहिले, तर तो काळ ग्राहकाच्या हक्कातून वजा होतो आणि बिघाडाची किंमत पुन्हा त्यालाच मोजावी लागते. युरोपीय संघाच्या २०२४ च्या निर्देशात याहून पुढचे पाऊल आहे: कायदेशीर हमीच्या काळात ग्राहकाने वस्तू बदलून न घेता दुरुस्ती पत्करली, तर ती हमी एक वर्षाने वाढते. आपण निदान सेंटरमध्ये गेलेले दिवस तरी परत द्यावेत.

यासाठी संसदेत नवा कायदा आणण्याचीही गरज नाही. २०१९ च्या कायद्याच्या कलम १८ ने केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला अनुचित व्यापारी प्रथा रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे काढण्याचा अधिकार दिला आहे. प्राधिकरणाने २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींसाठी आणि २०२३ मध्ये डार्क पॅटर्नसाठी (ॲप-वेबसाइटवरील ग्राहकाला फसवणाऱ्या रचनांसाठी) तो वापरला. तसाच तो वॉरंटीतल्या दुरुस्तीसाठी वापरावा.

त्या तत्त्वांत काय असावे, हे वर बरेचसे आले आहे. मुख्य म्हणजे, यंत्र जमा करताना त्याची अवस्था ग्राहकासमोर फोटोसह नोंदवली जावी, आणि आतले स्टिकर व बोर्ड यांचे फोटो पहिल्यांदा उघडतानाच काढले जावेत. वॉरंटी नाकारायची असेल तर कारण लेखी द्यावे, त्याखाली ते पाहणाऱ्या तंत्रज्ञाची सही असावी, आणि सापडलेल्या खुणेचा बिघाडाशी संबंध कसा लागतो हे त्यात लिहिलेले असावे. हे फोटो आणि हा अहवाल दिला नाही, तर नकार ग्राह्य धरू नये. 'नो फॉल्ट फाउंड' म्हणून यंत्र परत देताना कोणती चाचणी किती वेळ घेतली ते लिहून द्यावे, आणि तोच दोष पुन्हा पुन्हा येत असेल तर दुरुस्तीचा हट्ट सोडून यंत्र बदलून द्यावे किंवा पैसे परत करावेत. वाद राहिलाच, तर पहिल्या वर्षात स्वतंत्र तपासणीचा खर्च आधी कंपनीने उचलावा, आणि दोष ग्राहकाचा निघाला तर तो त्याच्याकडून वसूल करावा.

याच तत्त्वांत माहितीच्या सुरक्षेचाही विचार व्हावा. फोन जमा करताना पासवर्ड कागदावर लिहून मागितला जातो, आणि 'डेटा गेल्यास आम्ही जबाबदार नाही' या ओळीखाली सही घेतली जाते. त्या फोनमध्ये लोकांच्या बँकेचे व्यवहार असतात, आजारपणाचे कागद असतात, घरातल्यांचे फोटो असतात. काही कंपन्यांनी फोनमध्ये वेगळा 'रिपेअर मोड' दिला आहे, त्यात मालकाची माहिती बंद राहते आणि तंत्रज्ञाला चाचणीही घेता येते. म्हणजे हे तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे, आणि दुरुस्तीसाठी पासवर्ड देण्याची सक्ती राहू नये.

या तत्त्वांचा मसुदा जनतेच्या सूचनांसाठी खुला करावा, ही विनंती. मसुदा इंग्रजीबरोबर मराठीत आणि इतर भारतीय भाषांतही काढावा, कारण जॉबशीटवरचा बारीक इंग्रजी मजकूर न वाचता सही करणाऱ्यांचे म्हणणे त्यात यायला हवे. माझ्या दोन्ही जॉबशीट आणि कंपनीशी झालेला पत्रव्यवहार आपल्या खात्याने मागितल्यास पाठवीन.

कळावे,
आपली विश्वासू,
एक ग्राहक