सनी, मशीन बॅगेत टाकलंय

सनी बाळा,

सलाम. बॅगेच्या साईडच्या कप्प्यात टॉवेलमध्ये गुंडाळून बीपीचं मशीन टाकलंय. एव्हाना सापडलंच असेल आणि चिडलाही असशील. चीड, पण परत पाठवू नकोस, आमच्याकडे दुसरं आहे.

फोनवर बोलायला घेतलं की दोन मिनिटांत आपलं वाजतं म्हणून टाईप करतेय. पप्पा आत डायलिसिसला गेलेत, मी बाहेर बाकड्यावर, चार तास आहेत माझ्याकडे. बीपीबद्दल एवढंच, पुढे तो विषय काढणार नाही. दुसरंच बोलायचंय.

रविवारचं बोलायचंय.

तू उठून गेलास ना, तेव्हा पप्पा काहीच बोलले नाहीत. ताटात हात तसाच ठेवून बसले. मग चिऊला म्हणाले, खा गं बाई, भाजी गार होते. चिऊ तुम्ही निघेपर्यंत गप्प होती, कारण तिला वाटलं ती हसली म्हणून बाबा चिडले. तिला सांग बाबा, तिच्या हसण्यामुळे नाही. मला पण हसू आलं होतं. चर्चवरून येऊन अख्खं घर जेवायला बसलंय, वरण-भात वाढलाय, आणि आजोबा डोळे मिटून म्हणतात, प्रभू, आज सकाळपासून दोनशे मिली लघवी झाली, तुझे उपकार मानतो. कोण नाही हसणार.

पण तू म्हणालास, उपकार कशाचे पप्पा, किडन्या घेतल्या त्याचे? आणि मी जे बोलले ते मी बोलायला नको होतं. पगार वाढला आणि देव सुटला असं मी म्हणाले, सूनबाईसमोर. चुकलं माझं. हे लिहायलाच खरं तर पत्र सुरू केलं आणि बघ, मशीनपासून सुरुवात केली.

आता त्या दोनशे मिलीचं सांगते, कारण तू महिन्यातून एकदा येतोस आणि तुला ते कळलेलं नाही. हा टोमणा नाहीये. डॉक्टरांनी हिशोब दिलाय की दिवसभरात जेवढी लघवी होईल त्यावर साधारण अर्धा लिटर, तेवढंच पाणी. त्यात चहा आला, वरणाचं पाणी आलं, गोळ्या गिळायचे घोट आले. पप्पांनी बाटलीवर मार्करने रेघा मारल्यात, एसटीच्या वर्कशॉपमध्ये ऑईलच्या कॅनवर मारायचे तशा. म्हणजे दोनशे मिली झाली याचा अर्थ त्यांना दोनशे मिली जास्त पाणी प्यायला मिळणार. एक पेला पाणी रे. तू ज्याला घाण म्हणालास ते त्यांच्यासाठी पेलाभर पाणी आहे. आणि गंमत म्हणजे इथे आत चार तासांत त्या मशीनमधून एकशेवीस लिटरच्या आसपास पाणी फिरतं, हे त्यांनीच टेक्निशियनला विचारून गुणाकार करून काढलं, मिनिटाला अर्धा लिटर. म्हणाले, नानी असती तर म्हणाली असती, एवढ्यात आपलं घर महिनाभर चाललं असतं.

नानी म्हणाली असती खरंच. तुला बहात्तरच्या दुष्काळाचं मी किती वेळा सांगितलंय, तू डोळे फिरवतोस, तरी ऐक. मी नऊ वर्षांची होते. १९७२ ला आमच्या शेवगावच्या बाजूला विहिरी तळाला गेल्या, नानी आणि अण्णा दोघंही खडी फोडायला कामावर जायचे. मी आणि तुझी मावशी सुकडी मिळायची त्या लाईनीत. आणि ती मिलो. अमेरिकेची लाल ज्वारी. तिची भाकरी थापताना तुटायची आणि गार झाली की चामड्यासारखी, आणि पोट दुखायचं ते वेगळंच. तर अण्णा रात्री कंदील बारीक करायचे, रॉकेल वाचवायला, आणि प्रार्थनेआधी प्रत्येकाला विचारायचे, आज काय मिळालं सांगा. मावशी हुशार, ती रोज काहीतरी सांगायची, आज सुकडी गोड होती, आज पाळकबाईंनी डोक्याला तेल लावलं. एकदा मी म्हटलं, काहीच नाही मिळालं. मला वाटलं आता थोबाडीत बसणार. अण्णा म्हणाले, बरं, मग तेच सांग त्याला. आणि माझ्याकडून डोळे मिटून म्हणवून घेतलं, बाप्पा, आज काहीच नाही मिळालं, आमेन.

(शेजारच्या बाप्पाचा शब्द आमच्या घरात शिरलेला, पाळकसाहेबांना आवडायचं नाही. असो.)

हे का सांगते तर तू रविवारी जे बोललास ते अण्णांना चाललं असतं असं मला आता वाटतंय. मलाच चाललं नाही. मी पाया पडत नाही तुझ्या पण विचार करतेय. पप्पा म्हणतात थेस्सलनीकाकरांच्या पत्रात पौल लिहितो, सर्व स्थितीत उपकारस्तुती करा, तर स्थितीत म्हटलंय, स्थितीबद्दल नाही. किडन्या गेल्या त्याचे उपकार कोणी मागितलेलेच नाहीत. मला हे पटतं पण कधी पटतं, सकाळी अकरा वाजता पटतं. पहाटे तीनला त्यांच्या पायात गोळे येतात आणि मी पाय दाबत बसते तेव्हा नाही पटत. तेव्हा मी काय म्हणते देवाला ते इथे लिहीत नाही. स्तोत्रांमध्ये दाविदाने काय कमी तक्रारी केल्यात, किती वेळ विसरणार मला, म्हणून सरळ विचारतो तो.

त्यामुळे मला आभारी बाई समजू नकोस. महिला मंडळात मला साक्ष द्यायला उभी करतात, नर्सबाई किती खंबीर वगैरे, मी उभी राहते आणि बोलते आणि घरी आल्यावर अर्धा तास कोणाशी बोलत नाही.

कारण खंबीर नाही रे, मला लाज वाटते. अठ्ठावीस वर्षं मी वॉर्डात लोकांच्या दंडाला पट्टा गुंडाळला. मोजायचं म्हटलं तर लाखभर वेळा गुंडाळला असेल. आणि घरातला माणूस वर्कशॉपमधून डोकं धरून यायचा तर मी काय करायचे, दुखण्याची गोळी द्यायची. कधी एक, कधी दोन. वर्षानुवर्षं. वाढलेलं बीपी असंच असतं, कित्येकांना काही त्रासच होत नाही, आत किडनीतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब होत जातात आणि त्यावर अशा गोळ्या. पट्टा कपाटात होता. आपल्याच कपाटात, पहिल्या खणात, तुमच्या शाळेच्या सर्टिफिकेटांखाली. मी कधी विचारलं नाही स्वतःला की ह्यांचं शेवटचं कधी बघितलं. कळलं तेव्हा वरचा आकडा एकशेनव्वद होता आणि क्रिएटिनिन, रक्तातला किडनीचा आकडा, सहाच्या पुढे.

आणि रविवारी तू जेवायला बसण्याआधी मानेची मागची बाजू चोळत होतास. दोनदा. मी बघितलं. तू नाइट शिफ्ट करतोस, बाहेरचं खातोस, चौतिसावं चालू आहे, आणि तू दुखण्याच्या गोळ्या खिशात ठेवतोस हे मला माहीत आहे (कोणी सांगितलं विचारू नकोस, आणि तिला काही बोलू नकोस). बापाला आहे म्हणजे मुलाला धोका जास्त, हे मी तुला आई म्हणून नाही, नर्स म्हणून सांगते. एकशेवीस-ऐंशीच्या आत हवं. एकशेचाळीस-नव्वद आलं तर घाबरायचं नाही पण डॉक्टरकडे जायचं. झालं. परत त्याच विषयावर आले, सॉरी. विषय काढणार नाही म्हटलं होतं.

तर आभाराचं. तुमच्या ऑफिसमध्ये ते ॲप दिलंय ना, रोज तीन चांगल्या गोष्टी लिहा, तू फोटो पाठवला होतास हसायला. मला त्यात वाईट काही वाटत नाही. पण त्यात आभार कोणाचे ते लिहायला जागाच नाहीये, ते नुसतं स्वतःचं मन बरं करायला आहे. आपल्याकडे देणारा समोर बसलेला असतो. म्हणून भांडता पण येतं. लेक्चर झालं का? झालं. पुढे जाते.

दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट तू संडे स्कूलला पाठ केली होतीस, लूक सतरा, येशूने दहा जणांना बरं केलं आणि आभार मानायला एकटा शोमरोनी परत आला ती, आणि तुला त्या शोमरोन्याचा रोल हवा होता आणि तुला नऊ जणांपैकी एक केलं म्हणून तू रडला होतास. मी मिरजेला ट्रेनिंगला होते तेव्हा कुष्ठरोगाचे पेशंट जवळून बघितलेत. एक बाई होती, आठ वर्षांनी घरी निघालेली, तिने आमच्यापैकी कोणाला थँक्यू म्हटलं नाही, मागे वळून पण बघितलं नाही, ती एसटीकडे पळतच सुटली. तेव्हापासून मला त्या नऊ जणांचा राग येत नाही. पाळकसाहेब दरवर्षी त्यांना धुवून काढतात पण त्यांना घरी जायचं होतं रे, त्यांच्या पोरांना बघायचं होतं. आणि येशूने विचारलं नऊ जण कुठे आहेत, पण त्यांचं बरं झालेलं काढून नाही घेतलं. तू नऊमधला असलास तरी तुझं काही काढून घेतलं जाणार नाही. एवढंच मला म्हणायचं होतं रविवारी आणि मी पगारावर गेले.

आता एक मजा सांगते. त्याच रविवारी सकाळी, तुम्ही पोचायच्या आधी, चर्चमध्ये कापणीच्या सणाचा लिलाव झाला. पप्पांना सांगितलं होतं पाचशेच्या वर जायचं नाही. भोपळा गेला, पेरूची पाटी गेली, कोणाच्या तरी घरच्या कोंबडीवर तर चौघांनी बोली लावली, आणि मग शहाळं निघालं. आणि पप्पांचा हात वर. आता शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम, त्यांना एक घोट चालत नाही, त्यांना तर पालेभाजी पण मी चिरून भिजवून उकळून पाणी फेकून देते. साडेआठशेला घेतलं! मी तिथेच चिमटा काढला. आज सकाळी ते पिशवीत घालून इथे आणलं आणि त्या टेक्निशियन पोराला दिलं, जो सुई टोचतो. तो दोन वर्षांत एकदाही चुकलेला नाही म्हणे, पहिल्या टोचण्यात लागते. पोरगा लाजला, म्हणाला काका मला पगार मिळतो. पप्पा म्हणाले, मला पण मिळायचा, तरी वर्कशॉपमध्ये गाडी नीट लावून दिली की ड्रायव्हरने हात वर केला तर बरं वाटायचं.

त्यांचं असंच चालू असतं. मोबाईलवर शोधून काढलं की हे मशीन हॉलंडच्या कोल्फ डॉक्टरने बनवलं, १९४३ मध्ये, जर्मनांचा कब्जा असताना, सॉसेजला असतात त्या सेलोफेनच्या नळ्या ड्रमला गुंडाळून. पहिले पंधरा-सोळा पेशंट गेले, १९४५ ला एक बाई वाचली. तर आता रात्रीच्या प्रार्थनेत कोल्फचं नाव असतं, आणि त्या पंधरा-सोळा जणांच्या घरच्यांचं पण. मी म्हटलं अहो ते घरचे पण गेले असतील आता. म्हणाले देवाला तारखेचं काय.

मला ह्या माणसाचा अभिमान वाटतो आणि कधीकधी इतका राग येतो की भांडी आपटते. त्यांनी एकदा तरी रडावं माझ्यासमोर. पौल तुरुंगातून लिहितो, असेल त्या स्थितीत संतुष्ट राहायला मी शिकलो आहे, शिकलो म्हणतो, म्हणजे त्याला पण येत नव्हतं. पप्पांनी कधी शिकलं मला कळलंच नाही. आणि तू त्यांच्यावर गेलायस असं सगळे म्हणतात. हसणं तसंच, हट्ट तसाच, मान चोळणं तसंच.

बाहेर टीव्हीवर बातम्या लागल्यात, मला काही ऐकू येत नाहीये. त्यांच्या हाताची ती फिस्टुला आहे ना, सुया टोचायला धमनी आणि शीर जोडून केलेली, तिच्यावर बोटं ठेवली की आत मांजर गुरगुरल्यासारखं लागतं. झोपायच्या आधी मी रोज बघते, गुरगुरतंय ना. तुझ्या वेळेला सातव्या महिन्यात मी अशीच रात्री उठून पोटावर हात ठेवून बसायचे. लागलं की झोपायचे. बहुतेक माझी उपकारस्तुती तेवढीच आहे, शब्द नसतात तिला.

तू किडनी देण्याबद्दल सूनबाईशी बोलला आहेस हे मला कळलंय. पप्पांना माहीत नाही. त्यांचं उत्तर तुला माहीत आहे. माझं मला माहीत नाही. मी नवऱ्याची बायको आहे आणि तुझी आई आहे आणि ह्यावर मला प्रार्थना करता येत नाही, तोंड उघडलं की बंद होतं. पण एक सांगते की त्या टेस्टमध्ये पण ते आधी बीपीच बघतात. म्हणून म्हटलं आधी घरी बघ.

पुढच्या महिन्यात नाताळला याल ना? जेवणाची प्रार्थना तुला करायची नसेल तर नको करूस, चिऊ करेल. ती लिस्ट करते, कुत्र्यापासून सुरू करते.

आले बघ पप्पा. वजन अडीच किलोने उतरलंय, थकलेत, पण विचारतायत कोणाला एवढं लिहितेस. सनीला म्हटलं. म्हणाले, त्याला विचार गाडीचे टायर बदलले का, मागचा डावा गुळगुळीत झाला होता.

सेल मशीनच्या डब्यातच आहेत, चार. पाच मिनिटं शांत बसून मगच लाव, चहा पिऊन लगेच नाही, पाय जमिनीला टेकवून. वरचा आकडा आणि खालचा, दोन्ही पाठव. वाट बघते.

मम्मी