पावणेदोनला जिना चढून आलेल्या प्लंबरदादांना

आदरणीय दादा,

आपले नाव या पत्रात घालू नये असे आपण बजावले होते, म्हणून ते लिहीत नाही. आभार जाहीरपणे मानू नयेत असे मात्र आपण म्हटले नव्हते, तेव्हा तेवढी मोकळीक घेते. आपण येऊन गेलात त्याला आज अकरा दिवस झाले. या अकराही रात्री माझी आई सलग झोपली आहे, आणि एवढे साधे वाक्य लिहितानाही माझा घसा दाटून येतो.

आईच्या उशालगतच्या भिंतीत मध्यरात्र उलटली की कोणी बोटाच्या पेराने दार वाजवावे तसा ठक् ठक् आवाज सुरू व्हायचा, कधी वीस मिनिटे, कधी तासभर चालायचा आणि आपोआप थांबायचा. उपनगरातल्या वस्तीत राहायचे म्हणजे आवाज आलेच: फाटकाची कुरकुर, उभ्या गाडीचा मध्येच केकाटणारा अलार्म, सुट्टीच्या सकाळी शेजारच्या भिंतीत घुसणारे ड्रिल. यांपैकी कशाबद्दलही आईने कधी तक्रार केली नाही, उलट संध्याकाळी खालच्या मुलांच्या सायकलींच्या घंटा ऐकू आल्या नाहीत, तर “आज पोरं कुठं गेली?” अशी चौकशी तीच करते. तिने तक्रार केली ती एकाच आवाजाची, आणि नेमकी तीच कोणी खरी मानली नाही.

सात महिने हे चालले होते. इमारतीची व्यवस्था पाहणारे आले ते भर दुपारी, भिंतीला क्षणभर कान लावून “आवाज आढळला नाही” असा शेरा वहीत लिहून गेले. त्यानंतर आलेल्या एका कारागिराने तर आई समोर बसलेली असताना मला सांगितले, “वय झालं की कान वाजतात, यांना झोपेची गोळी सुरू करा.” त्या दोघांचा राग अजून गेलेला नाही; पण मला अधिक लागते ते माझे स्वतःचे वागणे. मी दोन रात्री तिच्या खोलीत जागले, नेमका त्या दोन्ही रात्री आवाज झाला नाही, आणि मग मी तिला कान तपासायला घेऊन गेले. कान उत्तम निघाले, तरीही माझ्या मनातली शंका गेली नाही. हे तिने ओळखले असावे, कारण त्यानंतर तिने आवाजाबद्दल बोलणेच बंद केले.

आपण फोनवर एकच प्रश्न विचारलात, “आवाज किती वाजता येतो?” आणि उत्तर ऐकून म्हणालात, “मग मी त्याच वेळेला येतो.” पावणेदोनला आपण आलात, दिवा घालवायला सांगितलात आणि आईच्या पलंगाशेजारी जमिनीवर मांडी घालून, एक शब्दही न बोलता बसून राहिलात. दिवसभर काम करून आलेला माणूस दुसऱ्याच्या घरात अंधारात असा बसलेला मी पहिल्यांदाच पाहिला. अर्ध्या तासाने ठक् झाले. आपण भिंतीवर तळहात टेकवला, तो हळूहळू वर सरकवत नेला, एका ठिकाणी थांबलात, आणि मग आईचा हात हातात घेऊन तिथेच ठेवलात. “आजी, लागतंय ना हाताला? तुम्ही बरोबर सांगत होतात.” काळोखात मला आईचा चेहरा दिसला नाही. तिचे “हो, हेच” तेवढे ऐकू आले, आणि ते ऐकून मला बाहेरच्या खोलीत जावे लागले.

दुरुस्ती पुढे सकाळी झाली आणि तासाभरात आटोपली, तिच्याविषयी फार लिहीत नाही. रात्री पाण्याला दाब असतो तेव्हा गच्चीवरची टाकी काठोकाठ येते, पडत्या पाण्याच्या लाटांवर फ्लोटचा, म्हणजे झडपेला जोडलेला तरंगता चेंडू वरखाली होतो, झडप सारखी उघडझाप करते, आणि दर वेळी अडलेल्या पाण्याचा धक्का नळातून खाली उतरून, नळ भिंतीला धरून ठेवणाऱ्या सैल क्लॅम्पपाशी भिंतीवर आपटतो. दिवसा वापर चालू असल्यामुळे टाकी तेवढी भरतच नाही, म्हणून दुपारी येणाऱ्यांना काही ऐकू येणे शक्यच नव्हते. हे आपण मला गच्चीवर उभे राहून समजावलेत. नंतर मी वाचले, तेव्हा कळले की या धक्क्याला वॉटर हॅमर म्हणतात आणि रशियन शास्त्रज्ञ निकोलाय झुकोव्हस्की यांनी मॉस्कोच्या जलवाहिन्यांवर प्रयोग करून त्याचे गणित 1898 सालीच मांडले होते. शयनगृहात रात्री मधूनच होणारा आवाज 45 डेसिबलच्या वर जाऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने 1999 मध्ये सुचवले होते, तेही तेव्हाच वाचनात आले. म्हणजे जाणत्यांना जे शंभर वर्षांहून अधिक काळ ठाऊक होते, त्यासाठी माझ्या आईला तिच्याच घरात भ्रमिष्ट ठरवले गेले.

क्लॅम्प आवळणारे हात पुष्कळ मिळतील, दादा. म्हाताऱ्या माणसाने सांगितलेली गोष्ट आधी खरी धरायची आणि मग कारण शोधायचे, ही माणुसकी मात्र कोणत्या पिशवीत घेऊन फिरता येत नाही, आणि आमच्याकडे येऊन गेलेल्या इतरांजवळ ती नव्हती. आपण आईशी बोललात ते तिच्याकडे पाहून. निघताना “पुन्हा वाजलं तर यांना नको, थेट मलाच फोन करा, आजी,” असे म्हणून नंबर तिच्याच वहीत, तिला दिसेल एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहून दिलात. ती वही आता तिच्या उशाशी असते.

आई पुन्हा पहाटे उठते. पक्ष्यांचा कलकलाट सुरू झाला की खिडकी उघडते, समोरच्या घरी झाडांना पाणी घालणाऱ्या बाईंना हात करते, आणि मी उठेपर्यंत वर्तमानपत्राची पहिली दोन पाने वाचून झालेली असतात. रात्री दिवा मालवण्यापूर्वी ती अजूनही एकदा भिंतीवर तळहात टेकवून पाहते. हे पत्र तिला वाचून दाखवले तेव्हा तिने एवढेच जोडायला सांगितले: “त्याला लिही, भिंत गप्प आहे.”

आपली ऋणी,
तिसऱ्या मजल्यावरच्या आजींची लेक