खाट क्रमांक १४ ची ऐच्छिक देणगी

सातारा,
२१ ऑगस्ट

प्रिय दिल्या,

रविवारी तू फोन आपटलास की रेंज गेली, ते तुझं तुला माहीत. मी आपला रेंज गेली असं धरून चाललोय. फोनवर आपण दोघंही एकदम बोलतो आणि ऐकत कुणीच नाही, म्हणून लिहायला बसलो. बाहेर पावसानं अजिंक्यतारा पार पुसून टाकलाय आणि ऑफिसात चिटपाखरू नाही.

तुझा मुद्दा मला कळलाच नाही असं समजू नकोस. आक्कांनी पाटल्या मोडून पैसे त्या बाबाच्या पायाशी ओतले, आणि त्याच बाबाच्या ट्रस्टला सरकार कर माफ करतं. म्हणजे बहीण लुबाडली गेली ती गेलीच, वर तुझ्या पगारातून कापलेल्या टॅक्सवर त्याची चंगळ. तू म्हणालास, "असल्या वादग्रस्त पंथांची करमाफी सरळ काढून घ्या." करमाफी म्हणजे आडवाटेनं दिलेलं अनुदानच, हे मला शंभर टक्के मान्य. माझं घोडं अडतं ते 'वादग्रस्त' या शब्दावर.

तुझी आजी आठव. फलटणचा तो वाडा, आणि दारात काळ्या वस्त्रातले महानुभाव साधू आले की हातातलं काम टाकून "दंडवत प्रणाम" म्हणत पुढे होणारी आजी. आजी उपदेशी, म्हणजे पंथाचा उपदेश घेतलेली. पंचकृष्णांशिवाय, म्हणजे पंथाच्या पाच अवतारांशिवाय, दुसऱ्या देवाला हात जोडायची नाही, गावजत्रेचा नैवेद्य तोंडात घालायची नाही. आळीतल्या बायका मागं काय बोलायच्या ते आपण लहानपणी ऐकलंय. महानुभावांनी वेद मानले नाहीत, जातपात मानली नाही, ग्रंथ सांकेतिक लिपीत लिहून ठेवले, तेव्हा लोकांनी ठरवून टाकलं की हे ढोंगी. इतकं ठरवलं की त्यांच्या नावावरनं मराठीत 'मानभावी' हा शब्द पडला. आणि गंमत बघ, रविवारी त्या बाबाला तू तीनदा 'मानभावी' म्हणालास. आजीनं पायताण काढलं असतं.

आता समज, वादग्रस्त कोण ते ठरवायला सरकारनं एक समिती नेमली. त्या समितीवर तू नसणार आणि मीही नसणार. ज्यांचा आवाज मोठा ते असणार. जोतिबा फुल्यांचं मूळ गाव कटगुण इथनं फार लांब नाही. १८७३ साली त्यांनी सत्यशोधक समाज काढला तेव्हा त्यांच्याइतकं वादग्रस्त दुसरं कोण होतं? आणि काल २० ऑगस्ट होता, दाभोलकरांचा खून झाला तो दिवस. दाभोलकर आपल्या साताऱ्याचे. आजही त्यांच्या कामाला धर्मबुडवेपणा म्हणणारे गल्लोगल्ली आहेत. 'वादग्रस्त' हाच निकष लावलास तर पहिली नोटीस बाबाला जाईल असं तुला कशावरनं वाटतं? खुद्द दाभोलकर ज्या कायद्यासाठी अठरा वर्षं झगडले, तो २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा वाच. त्यात कुणाच्या श्रद्धेचं नाव नाही. कुठली कृत्यं गुन्हा ते अनुसूचीत एकेक करून मोजलंय. माणूस काय मानतो ते सोडा आणि काय करतो ते धरा, एवढंच त्यात आहे. करमाफीलाही मला तीच पट्टी लावायची आहे.

आता माझ्या धंद्यातलं सांगतो. (नव्या आयकर कायद्यात कलमांचे आकडे बदललेत, माझ्या तोंडात जुनेच बसलेत.) १२एबीची, म्हणजे ट्रस्टच्या करमाफीची, नोंदणी मिळते ती बाबा पवित्र आहे म्हणून मिळत नाही. वर्षाच्या उत्पन्नातले ८५ टक्के ट्रस्टच्या उद्देशांवर खर्च करायचे, आणि विश्वस्तांनी किंवा त्यांच्या नातलगांनी त्यातनं स्वतःचा फायदा उपटायचा नाही, या बोलीवर ती मिळते. बाबाची गाडी आणि पुतण्याचा फ्लॅट ट्रस्टच्या पैशातनं आला असेल, तर त्याला धरायला धर्माची व्याख्या लागत नाही. खतावणी पुरते.

पाटल्यांच्या आधी आक्का त्या शिबिराला गेल्या होत्या, त्याची पावती तू मला दाखवली होतीस ना? वर ठळक छापलंय 'ऐच्छिक देणगी', आकडा ११,०००, आणि खाली कोपऱ्यात बॉलपेननं लिहिलंय, 'शिबिर ३, खाट १४'. मी ती पावती दोनदा वाचली. ऐच्छिक देणगीला खाटेचा नंबर कसा असेल रे? पैसे नाही दिले तर खाट नाही, याला आपल्यात भाडं म्हणतात. हे मी माझ्या मनाचं सांगत नाही. पतंजली योगपीठ ट्रस्टच्या शिबिरांचं प्रकरण हेच होतं: देणगी म्हणून घेतलेली रक्कम ही खरं तर प्रवेश फी आहे, तेव्हा सेवाकर भरा, हा लवादाचा निर्णय सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२४ मध्ये कायम ठेवला. साडेचार कोटींच्या आसपासची रक्कम होती. योग खरा की खोटा, असा प्रश्न कुणी विचारला नाही.

अमेरिकेनं उलटं करून बघितलं. सायंटॉलॉजी नावाच्या पंथाची करमाफी तिथल्या आयकर खात्यानं १९६७ साली काढली आणि मग हा धर्म आहे की धंदा, यावर २६ वर्षं कोर्टकज्जे चालले. शेवटी १९९३ मध्ये खात्यानंच तडजोड करून माफी परत दिली. मधेच १९८९ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं मात्र साधा प्रश्न विचारला, की पैसे देणाऱ्याला बदल्यात काय मिळालं? ठरलेल्या दराचं सत्र मिळत असेल, तर ती वजावटीची देणगी नव्हे. बघ, धर्म कशाला म्हणायचं यात २६ वर्षं गेली, आणि पावती मात्र एका निकालात वाचून झाली.

तुझ्या बाजूनं सगळ्यात जोरदार उदाहरण जपानचं आहे, ते तू दिलं नाहीस म्हणून मीच देतो. ८ जुलै २०२२ ला माजी पंतप्रधान शिंझो आबेंना गोळी घालणाऱ्याची आई युनिफिकेशन चर्च या पंथाला पैसे देत देत कंगाल झाली होती. त्यानंतर सरकार कोर्टात गेलं आणि २५ मार्च २०२५ ला टोकियोच्या जिल्हा न्यायालयानं त्या संस्थेच्या विसर्जनाचा आदेश दिला. पण त्या आदेशाचा अर्थ नीट बघ. धार्मिक संस्था म्हणून असलेला दर्जा आणि करसवलत जाते. भक्तांनी जमून प्रार्थना करायला मनाई होत नाही. आणि आधार होता तो वर्षानुवर्षं माणसांना धाक घालून, त्यांच्या कुटुंबांना धुळीला मिळवून पैसे काढण्याचा. शिकवण काय आहे, याचा नव्हे. आक्कांच्या बाबतीत मला हाच रस्ता दिसतो.

आता माझ्या पायाखालची गोष्ट, नाहीतर म्हणशील की हा दुसऱ्यांनाच शहाणपणा शिकवतो. आमच्या गावच्या भैरवनाथ ट्रस्टचा मी खजिनदार. यात्रेनंतर दानपेटी फोडतो. पाच पंच, सतरंजी, एक पोरगा मोबाईलवर शूटिंग करायला. नोटा हळदीनं पिवळ्या झालेल्या, नाण्यांना बुक्का चिकटलेला, आणि मधेमधे देवाला लिहिलेल्या चिठ्ठ्या. यंदा एक निघाली: "पोराला पोलीस भरतीत घे, उंची पाव इंच कमी आहे तेवढी बघून घे." सगळे हसलो आणि चिठ्ठी पुन्हा गाभाऱ्यात ठेवली. हे सगळं दान निनावीच. निव्वळ धार्मिक ट्रस्टला निनावी दानावर कर नाही. धर्मादाय ट्रस्टला ठरावीक मर्यादेवर ३० टक्के. शिर्डीच्या संस्थानाचा याच मुद्द्यावर आयकर खात्याशी वाद झाला. संस्थान धार्मिकही आहे आणि धर्मादायही, म्हणून सूट लागू, असं मुंबई उच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२४ मध्ये सांगितलं.

मला खरी भीती वाटते ती या भोकाची. म्हातारीच्या दहाच्या नोटेवर नाव नसतं आणि नसावंच. पण त्याच पेटीत कुणी पाचशेची बंडलं टाकली तर तीही म्हातारीच्याच नावावर खपतात. आमच्या पेटीत बंडलं येत नाहीत, काळजी करू नकोस, एकदा रबर लावलेली गड्डी दिसली ती दहाच्या नोटांची निघाली. माझं मत विचारशील तर मोठ्या धार्मिक ट्रस्टांच्या निनावी दानालाही धर्मादाय संस्थांसारखीच मर्यादा असावी. सगळ्यांना सारखी, बाबाला, मठाला, दर्ग्याला, चर्चला. हे मी पंचांसमोर बोललो तेव्हा दोघांनी चहा अर्धा टाकला.

दुसरं म्हणजे हिशेब उघडे हवेत. इंग्लंडमध्ये वर्षाला २५ हजार पौंडांवर उत्पन्न असलेल्या धर्मादाय संस्थेचे हिशेब कुणीही घरबसल्या बघू शकतो. आपल्याकडे आक्कांना स्वतःच्या पाटल्यांचं काय झालं हे कळायला अर्ज, शिक्के आणि हेलपाटे. माफी घेताय ना लोकांच्या पैशातनं, मग वही लोकांना दाखवा. दाखवायची नसेल तर कर भरा आणि खुशाल काय ते माना.

तेव्हा आक्कांच्या सगळ्या पावत्यांचे फोटो पाठव, खाटेच्या नंबराची पहिली. पावतीवर ट्रस्टचा नोंदणी क्रमांक असतो. त्यावरनं धर्मादाय कार्यालयात हिशेबाच्या नकलांसाठी अर्ज टाकतो. पाटल्यांचे पैसे रोख दिले की चेकनं, तेवढं कळायला हवं. दोन हजारांवरची रोख देणगी ८०जीमध्ये, म्हणजे देणाऱ्याच्या करवजावटीत, चालत नाही, आणि पावतीवर '८०जी'चा शिक्का मारून रोख घेतली असेल तर तिथेच पहिला धागा सापडेल. पण आक्कांना तू विचारू नकोस, तुझा आवाज चढतो आणि त्या गप्प होतात. वहिनींना विचारायला सांग, तेही बाबाचं नाव न काढता.

तुझा,
सुन्या